डावे, उजवे आणि आपला मध्यम मार्ग

निवडणुकीचा हंगाम आला की बाळकुम, ढोकाळी, कोलशेत, माजिवडा या पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांत एक चर्चा हमखास रंगते. रविवारची वंदना आटोपून मंडळी विहाराच्या पायरीवर रेंगाळतात आणि कुणीतरी विषय काढतो. "आपले पक्ष आणि ते लाल बावटेवाले नेहमी हरतात, कारण ते फार टोकाचे बोलतात. जरा मध्यावर यावे, सगळ्यांना चालेल असे बोलावे, म्हणजे चार जागा तरी येतील." त्यावर दुसरा म्हणतो, "मध्यावर गेले ते तिथेच विरघळले. त्यांचे नाव तरी उरले का?" आणि महिला मंडळाच्या भगिनी वैतागून विचारतात, "ते असू द्या, नळाला पाणी कोण आणणार ते आधी सांगा." तिन्ही बोलणी खरी आहेत. म्हणूनच या विषयाची जरा सविस्तर चर्चा व्हावी, असे आम्हांस वाटले.

'डावे' आणि 'उजवे' हे शब्द आपल्याकडचे नव्हेत. फ्रान्समध्ये १७८९ साली राज्यक्रांती झाली, तेव्हा सभागृहात राजाची बाजू घेणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले आणि राजाचे अधिकार कमी करा म्हणणारे डाव्या हाताला. तेव्हापासून ही नावे पडली. आपल्या मराठीत मात्र 'डावे-उजवे करणे' म्हणजे पंक्तिप्रपंच करणे, एकाला तूप आणि दुसऱ्याला ताक वाढणे. त्या अर्थाने डावे-उजवे काय असते हे आपल्या आज्या-पणज्यांना कुठल्याही राज्यशास्त्राच्या पुस्तकाआधी ठाऊक होते.

आता 'मध्य' या शब्दाचे बघू. आपण बौद्ध आहोत आणि 'मध्यम मार्ग' हा शब्द आपल्या घरात रोजचा आहे. त्यामुळे कोणी पुढारी "आम्ही मध्यममार्गी" असे म्हणाला की आपल्याला तो आपलाच वाटतो. इथे घोटाळा होतो. सारनाथला तथागतांनी पाच परिव्राजकांना जो मध्यम मार्ग सांगितला, तो कामसुखात लोळणे आणि देहाला क्लेश देणे ही दोन्ही टोके सोडून दुःखनिरोधाकडे नेणारा मार्ग होता. अन्याय करणारा एका बाजूला, सोसणारा दुसऱ्या बाजूला आणि दोघांच्या बरोबर मध्ये उभे राहावे, असे त्यात कुठेही नाही. बाजारात शंभराची वस्तू पन्नासला मागून पंचाहत्तरला घेतात, तो मध्य वेगळा. तो समोरच्याने किती किंमत सांगितली त्यावर ठरतो. समोरच्याने दोनशे सांगितले की आपला मध्य आपोआप वर सरकतो. राजकारणातला मध्य पुष्कळदा असाच असतो.

बाबासाहेबांनी काय केले, हे पाहिल्याशिवाय आपल्याला पुढे जाता येणार नाही. १५ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावातच मजूर. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आले. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, श्यामराव परुळेकर ही अस्पृश्य नसलेली मंडळी या पक्षात होती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणातला खोत हा आपल्या बांधवांचा जेवढा शत्रू, तेवढाच कुणबी, आगरी कुळांचाही. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, तो कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून. हे डावेपण नाही तर काय?

तरीही बाबासाहेब कम्युनिस्ट नव्हते. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळीच त्यांनी रोकडा सवाल टाकला होता. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नाहीत, कारण धागा तोंडाने ओला करावा लागतो आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ होतो. मालकाविरुद्ध एकजूट मागणाऱ्या युनियनने आधी हा दरवाजा उघडावा, हे त्यांचे म्हणणे होते. आणि महापरिनिर्वाणाच्या अवघे काही दिवस आधी, २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूला त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. शोषण संपवण्याचे ध्येय दोघांचे एक, पण रक्तपात आणि हुकूमशाही ही साधने बुद्धाला मान्य नाहीत, असे त्यांनी सांगितले.

बाबासाहेब सत्तेपासून दूर राहिले असेही नाही. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. कारखान्यातल्या कामाचे आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले ते १९४६ च्या दुरुस्तीने. पुढे ते नेहरूंच्या मंत्रिमंडळात गेले, ज्या काँग्रेसशी आयुष्यभर भांडले त्या काँग्रेसच्या सरकारात. आणि हिंदू कोड बिल रखडवले गेले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. आमच्या माताभगिनींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मंत्रिपद सोडताना त्यांनी जी कारणे दिली, त्यांत स्त्रियांच्या हक्कांचे हे बिल होते. सत्तेत जाताना काय आणायचे ते ठरलेले होते, आणि ते येत नाही म्हटल्यावर दारही ठाऊक होते.

१९५२ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने समाजवादी पक्षाशी युती केली. उत्तर मुंबईतून बाबासाहेब उभे होते आणि काँग्रेसचे काजरोळकर सुमारे १४ हजार मतांनी जिंकले. ज्यांनी घटना लिहिली त्यांना ही मुंबई लोकसभेत पाठवू शकली नाही. "टोकाचे बोलतात म्हणून हरतात" असे म्हणणाऱ्यांनी हा निकाल आठवावा. समाजवाद्यांशी युती करणे हे त्या काळी चांगलेच मधले पाऊल होते.

बाबासाहेबांनंतर हा वाद आपल्याच घरात पेटला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. त्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप यांच्याबरोबर फेडरेशनही होते आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले होते. आपल्या ठाण्यानेही तेव्हा श्यामराव परुळेकरांना दिल्लीस धाडले. हेच परुळेकर पूर्वी बाबासाहेबांच्या मजूर पक्षात होते आणि नंतर कम्युनिस्ट झाले. ठाणे जिल्हा लाल होता, हे आजच्या टॉवरवाल्यांना सांगितले तर हसतील!

दोनच वर्षांत, १९५९ साली, बी. सी. कांबळे यांनी 'दुरुस्त' रिपब्लिकन पक्ष काढला. मग उरलेल्यांना लोक 'नादुरुस्त' म्हणू लागले. भांडण नुसते खुर्चीचे नव्हते. दादासाहेब भूमिहीनांचा प्रश्न घेऊन, कम्युनिस्टांना बरोबर घेऊन रस्त्यावर उतरत होते. शिकलेल्या, वकील मंडळींचे म्हणणे असे की आपण घटनेच्या चौकटीत, कायद्याने बोलावे, लाल झेंड्याच्या नादी लागू नये. धोतरवाले आणि सूटबूटवाले, असा तो सामना होता. आजच्या भाषेत सांगायचे तर हाच 'डावीकडे की मध्याकडे' हा प्रश्न, आणि तो आपल्या चळवळीने साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच भोगून पाहिला आहे.

त्यात दादासाहेबांच्या खात्यावर काय जमा झाले? १९५९ चा भूमिसत्याग्रह आणि मग ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर झालेला दुसरा. लाखो माणसे तुरुंगात गेली, त्यांत कडेवर मूल घेतलेल्या बायका होत्या. कसणाऱ्याला पडीक सरकारी जमीन द्या, किमान वेतनाची अंमलबजावणी करा, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा मागण्या होत्या. राज्य सरकारने १९९१ साली गायरानावरची मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. त्यामागे या सत्याग्रहांचा रेटा नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही. मराठवाड्यातून कामासाठी ठाण्याला आलेल्या अनेक कुटुंबांची गावाकडची एक-दोन एकर जमीन अशीच उभी राहिलेली आहे.

पण दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, एकाच बाजूचा जमाखर्च खोटा ठरेल. महार वतने १९५८ च्या कायद्याने गेली. बौद्धांना राज्यातल्या सवलती १९६० साली मिळाल्या, त्या यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेस सरकारकडून. दादासाहेबही १९६७ च्या सुमारास काँग्रेसबरोबर गेले, ते काही वेडे म्हणून नव्हे. सत्तेजवळ बसले तर कागद हलतो, हा त्यांचा अनुभव होता. कचेरीत काम करणाऱ्या कोणालाही तो पटेल. मात्र 'बेरजेच्या राजकारणा'त बेरीज काँग्रेसची झाली आणि आपला एकेक गट वजा होत गेला, हेही तितकेच खरे.

त्या सुस्तपणाविरुद्ध १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. १९७४ च्या जानेवारीत वरळी पेटली, मध्य दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार टाकला, काँग्रेस हरली आणि कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे जिंकल्या. आणि लगेच त्याच वर्षी पँथर फुटली. नामदेव ढसाळांचा १९७३ चा जाहीरनामा मार्क्सवादी आहे, राजा ढालेंना बुद्धाचा मार्ग हवा होता. एकाला दुसरा 'कम्युनिस्टांचा हस्तक' वाटला. ज्या पोरांनी व्यवस्थेला घाम फोडला ती एकमेकांना घाम फोडत बसली. पुढे ढसाळ शिवसेनेच्या जवळ गेले, हेही आपण पाहिले. म्हणजे डावीकडे फार गेलेला माणूस कायम तिथेच राहतो, असेही नाही.

आता समाजवाद्यांकडे वळू, कारण मध्याकडे सरकण्याचा सर्वांत मोठा प्रयोग त्यांनी केला आणि त्याचा निकाल ठाण्यानेच पाहिला. आणीबाणी संपली, १९७७ ची निवडणूक आली. इंदिरा गांधींना हरवायचे म्हणून समाजवादी पक्ष, जनसंघ, संघटना काँग्रेस, लोकदल सगळे जनता पक्ष म्हणून एक झाले. हुकूमशाही हटवायची होती, हेतू चांगला होता. मृणाल गोरेंसारखी पाण्यासाठी रस्त्यावर लढणारी बाई लोकसभेत गेली, ही मोठी कमाई. पण ठाण्यात जनता पक्षाचे उमेदवार कोण होते? जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी. ते जिंकले आणि १९८० सालीही जिंकले. ठाण्यातल्या समाजवादी मतदाराच्या हाती मतपत्रिका आली, तिच्यावर त्याचा पक्षच नव्हता. समाजवाद्यांनी आपले दुकान बंद करून माल सामाईक गोदामात ठेवला. १९७९ मध्ये दुहेरी सदस्यत्वावरून सरकार कोसळले. जनसंघवाले आपला माल घेऊन बाहेर पडले आणि १९८० साली भारतीय जनता पक्ष म्हणून उभे राहिले. समाजवाद्यांना आपला माल कोणता तेच ओळखू येईना. १९८९ साली ठाण्याने भाजपचे राम कापसे निवडले.

युती करणे आणि सरकणे, या दोन गोष्टींत फरक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणूचे उदाहरण घ्या. गोदावरी आणि श्यामराव परुळेकरांनी १९४५ मध्ये वारल्यांची वेठबिगारी मोडली, तो हा मुलूख. तिथे माकपचे विनोद निकोले २०१९ आणि २०२४ असे दोनदा आमदार झाले. ते काँग्रेस-राष्ट्रवादीशी समझोता करूनच लढले. परंतु वनजमिनीचा सातबारा आदिवासीच्या नावे करा, ही मागणी त्यांनी एक तसूभर सौम्य केली नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला किसान सभेचा लाँग मार्च आपल्या माजिवड्याच्या महामार्गानेच मुंबईला गेला. दहावीची परीक्षा असलेल्या मुलांना वाहतूक कोंडीचा त्रास नको म्हणून फाटक्या पायांची ती माणसे रात्री चालत राहिली. आदल्या दिवशीपर्यंत त्यांना 'टोकाचे' म्हणणारे शहर पाणी आणि चपला घेऊन रस्त्यावर उभे होते. लोकांना मागणी टोकाची वाटत नाही, मागणाऱ्याची ओळख नसते, एवढेच.

याच्या उलट बंगाल. ३४ वर्षे डाव्यांचे राज्य. भूमिसुधारणा केलेले हे सरकार सिंगूर आणि नंदिग्राममध्ये कारखान्यांसाठी शेतकऱ्यांची जमीन घ्यायला निघाले. १४ मार्च २००७ रोजी नंदिग्राममध्ये गोळीबार होऊन १४ माणसे मेली, आणि २०११ मध्ये सत्ता गेली. मध्याकडे सरकूनही त्यांना मते मिळाली नाहीत, आणि जे हक्काचे होते तेही उठून गेले. विलायतेत टोनी ब्लेअरांनी १९९५ साली मजूर पक्षाच्या घटनेतले सामाईक मालकीचे कलम काढले आणि १९९७ ला भरघोस जिंकले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिथे मध्याकडे सरकणे फळले. पण तिथला कामगार आपल्या विणकाम खात्याच्या दाराबाहेर उभा केलेला नव्हता.

आमची डाव्यांवरची खरी तक्रार आहे ती इथेच. ते टोकाचे आहेत म्हणून नव्हे, तर जातीच्या प्रश्नावर ते पुरेसे टोकाचे झालेच नाहीत. १९६४ साली स्थापन झालेल्या माकपच्या पॉलिट ब्यूरोत पहिला दलित सदस्य, रामचंद्र डोम, २०२२ साली आला. ५८ वर्षे! या पक्षाला कुणी "मध्याकडे या" असा सल्ला देतो तेव्हा आम्हांला हसू येते. त्यांनी आधी बौद्धवाडीकडे यावे.

आणि आपल्या पुढाऱ्यांना काय सांगावे? १९९८ मध्ये सगळे गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता केला आणि अकोल्यातून बाळासाहेब आंबेडकर, मुंबईतून रामदास आठवले, अमरावतीतून रा. सू. गवई आणि चिमूरमधून जोगेंद्र कवाडे असे चौघे खुल्या मतदारसंघांतून लोकसभेवर गेले. सर्व वस्त्यांत निळा गुलाल उधळला. ऐक्य किती टिकले, ते लिहायला नको. २०११ मध्ये आठवले साहेब शिवसेना-भाजपबरोबर गेले आणि २०१६ पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत. ज्या युतीच्या राजवटीत ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार होऊन आपली दहा माणसे गेली, तिच्याबरोबर जाताना कोणती लेखी अट घातली होती, हे विचारण्याचा समाजाला अधिकार आहे. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडी स्वतंत्र लढली, राज्यात सुमारे ४१ लाख मते घेतली. एवढ्या मतांच्या जोरावर पुढे काय पदरात पाडून घेतले, हा प्रश्न बाळासाहेबांनाही विचारावा लागेल. स्वतंत्र बाणा आम्हांला प्रिय आहे, पण बाण्याने वेतनवाढ होत नाही.

व्ही. पी. सिंगांचे सरकार आठवा. जेमतेम अकरा महिने टिकलेले, डावे आणि भाजप दोघांच्याही टेकूवर उभे असलेले, अगदी मधले सरकार. त्याच काळात, १९९० मध्ये, बाबासाहेबांना भारतरत्न मिळाले, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागले, बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, मंडल लागू झाला. तैलचित्राची मागणी १९६४ च्या सत्याग्रहातली! मधल्या सरकारने ती दिली हे खरे, पण ती मागणी कडेला उभे राहून कोणीतरी पंचवीस वर्षे धरून ठेवली होती. सारेच मध्यावर येऊन बसले असते तर द्यायला काही उरले असते का?

आता बाळकुमचे. या पट्ट्यात एके काळी कारखाने होते, भोंगे होते, युनियनचे फलक होते. आज तिथे टॉवर उभे आहेत आणि डोक्यावरून मेट्रोचे खांब गेले आहेत. ज्याचा बाप कंपनीत कायम होता, पीएफ आणि बोनस घेत होता, तो मुलगा त्याच जागेवरच्या टॉवरच्या फाटकावर ठेकेदाराचा गणवेश घालून बारा तास उभा असतो. त्याची बायको आतल्या चार घरांची धुणीभांडी करते. बाबासाहेबांनी आठवड्याचे ४८ तास केले, आणि या मुलाचे सहा दिवसांचे ७२ होतात. संसदेने २०१९ आणि २०२० मध्ये चार कामगार संहिता संमत केल्या. ३०० पर्यंत कामगार असलेल्या कारखान्याला आता कपातीसाठी सरकारची परवानगी लागत नाही, पूर्वी ही मर्यादा १०० ची होती. आपल्या वस्तीत मते मागायला येणाऱ्या किती उमेदवारांनी हा शब्द तरी उच्चारला? मध्यावर असलेल्यांना तो 'डावा' विषय वाटतो आणि आपल्या गटांना तो 'कम्युनिस्टांचा' वाटतो. मग तो आहे कुणाचा?

महिला मंडळाच्या भगिनींनी यंदा एक काम चांगले केले. कोणीही उमेदवार वस्तीत आला की हार घालण्याआधी त्याला विचारायचे प्रश्न त्यांनी वहीच्या पानावर उतरवून ठेवले आहेत. ठेक्यावरच्या सफाई कामगाराला आणि रखवालदाराला किमान वेतन व पीएफ मिळतो की नाही हे कोण तपासणार? घरकाम करणाऱ्या बाईची नोंदणी कुठे होते? पुनर्विकासात वस्ती गेली तर घर मिळेपर्यंतचे भाडे कोण देणार आणि किती महिने? कॉलेजच्या मुलांची शिष्यवृत्ती वेळेवर का येत नाही? उत्तर तोंडी नको, सहीनिशी हवे, आणि सही करणारा कोणत्या पक्षाचा, निळा की लाल की तिरंगी की भगवा, हे शेवटच्या ओळीत लिहायचे, असे त्यांनी ठरवले आहे. बाळकुम पाडा, ढोकाळी आणि कोलशेतच्या विहारांतही या पानाच्या प्रती गेल्या आहेत. ज्या वस्त्यांना हवी असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर मंडळाकडून घेऊन जावी. झेरॉक्सचा खर्च प्रत्येकी दोन रुपये.